गुरुवारचे बाबा

मिरजेहून येताना विश्वंभरराव वाटभर एकच वाक्य घोकत होते. परिमलने दार उघडताच त्यांनी ते एका दमात म्हणून टाकलं. "तुझं आणि नचिकेतचं नातं मला मान्य आहे. माझं चुकलं."

"माहीत आहे," परिमल शांतपणे म्हणाला. "बाबा दर गुरुवारी सांगतात."

सहा वर्षांपूर्वी परिमलच्या समुपदेशक बाईंनी विश्वंभररावांना उपचाराला मुलाशेजारी येऊन बसायची विनंती केली होती. असल्या ठिकाणी मी पाय ठेवणार नाही, म्हणाले होते ते. वाटलं तर माझा आवाज घ्या. बाईंनी तो घेतला. त्यावरून एक यंत्र बापासारखं बोलायला शिकलं.

परिमलने त्यांना पाहुण्यासारखा कपबशीतून चहा दिला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"तुम्ही बसा. माझी बाबांशी बोलायची वेळ झाली."

आतल्या खोलीचं दार लागलं. विश्वंभररावांच्या हातातला चहा तसाच राहिला.

"बाबा, ते घरी आलेत," आत परिमलचा आवाज थरथरत होता.

"घाबरू नकोस, बाळा," विश्वंभररावांचाच आवाज म्हणाला. "मी आहे ना."