तिची सकाळची तपासणी

डिझेलचा कॉक बंद केला तरी इंजिन थांबेना. उलट आवाज चढतच गेला आणि निळ्या धुराने शिडाची ती लहानशी होडी भरून गेली. भर खाडीत एकट्या दामूअण्णांनी मेकॅनिकला मोबाइल लावला. "खंडू, हे पिसाळलंय. फुटेल आता."

"हवा कोंडा त्याची. हवा घेतं त्या तोंडावर फळी दाबून धरा."

फळी कुठली? हाताशी लागला तो बायकोचा, वैजयंतीचा, बसायचा पाट. मोबाइल मानेत धरून अण्णांनी तोच दोन्ही हातांनी दाबून धरला. गचके खात, धापा टाकत इंजिन एकदाचं गप्प झालं.

"ऑइल जास्त झालंय. तेच पिऊन पळत होतं," खंडू म्हणाला. "कधी घालता?"

"रोज सकाळी. ती घालायची तसं."

"वैनी रोज नुसती पट्टी काढून ऑइल किती आहे ते बघायच्या, अण्णा. मीच शिकवलेलं. घालायच्या क्वचित."

संसारभर अण्णांनी सुकाणूवर बसून तिची इंजिनावर वाकलेली पाठ पाहिली होती. ती तिथे काय करते, हे कधी विचारलं नव्हतं. ती गेल्यापासून तिचं काम आपण चोख चालवतोय, एवढाच काय तो त्यांना अभिमान होता.

वारा बरा होता, शिडावर घरी जाता येणार होतं. त्यांनी पाट पुसून जागेवर ठेवला, शिडाची दोरी ओढायला उठले आणि सवयीने म्हणाले, "सुकाणू धर गं."

होडी हळूहळू वळायला लागली, तेव्हा दोरी सोडून ते मागे सुकाणूपाशी आले.