बारावं गिऱ्हाईक

विशीत घाईघाईनं विकून टाकलेल्या जांभळ्या चॅलेंजरसाठी ड्वेननं चाळीस वर्षं अख्खी अमेरिका पालथी घातली. "त्या गाडीनं झपाटलंय तुला," बायको म्हणायची. अखेर जाहिरात दिसली आणि ओहायोतल्या एका शेतावरच्या कोठारात गाडी सापडलीसुद्धा.

मालकीण, म्हातारी व्हर्ना, दारातच खुर्ची टाकून बसली होती. "बघा निवांत."

ड्वेन वाकला. उजव्या दिव्याजवळच्या पत्र्यावरून त्यानं हळूच बोटं फिरवली. पोचा कुठेच लागेना, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. "किंमत बोला, बाई."

"अकरा जणांना परत पाठवलंय. जो तो आधी बॉनेट उघडून इंजिनाचा नंबर बघायचा," म्हातारी म्हणाली.



"माझी पोर जिथं आदळली, तो पत्रा आधी चाचपणारा तूच पहिला."