उशिरा पोचणारं उत्तर

मंगळावरच्या नोकरीत केतकीला इथल्यापेक्षा चौपट पगार मिळणार होता. सही करण्याआधी कंपनीची एकच अट होती. नवरा-बायकोने आठवडाभर घरातच वेगवेगळ्या खोल्यांत राहायचं आणि कंपनीच्या यंत्रातूनच बोलायचं. मंगळावरून आवाज यायला वीस मिनिटं लागतात, म्हणून यंत्रही प्रत्येक वाक्य तेवढ्याच उशिराने पोचवायचं.

पहिले दोन दिवस दोघांना गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी आईच्या आठवणीने केतकीला रडू कोसळलं. निरंजनचं "रडू नकोस गं, मी आहे ना" आलं, तेव्हा ती केव्हाच तोंड धुऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

तिने हातातला टॉवेल तसाच टाकला आणि दार उघडून थेट स्वयंपाकघरात गेली. निरंजन गॅसपाशी पाठमोरा उभा होता. तिने त्याच्या हातातली पळी घेऊन आमटी चाखली.

"मीठ जास्त झालंय रे..."

"मग तू कर," तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच तो फणकारला.

केतकीचा जीव भांड्यात पडला. मग जेवण होईपर्यंत दोघं एकमेकांचं बोलणं तोडत मनसोक्त भांडले.