नाव नसलेली बटणं

"परेश सर, बटणांना नावं दिल्याशिवाय वेबसाइट लोकांसाठी सुरू करायला नको. ज्यांना दिसत नाही, त्यांना फोन ती नावं वाचून दाखवतो," निनाद म्हणाला.

"झाला सुरू आमचा स्टँडर्डिस्टा, नियमांचा पुजारी!" परेश सर म्हणाले आणि सगळं ऑफिस हसलं. "तुझे नियम नंतर पाळ रे. डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्याची साइट आजच हवीय."

निनादने साइट तशीच सुरू केली.

रविवारी कामोठ्याच्या घरी त्याची अंध आई त्याच डॉक्टरांची साइट उघडून बसली.

"तू मधे बोलू नकोस हं. आज माझा नंबर मीच लावणार."

तिचं बोट काचेवरून सरकत गेलं. फोन बोलू लागला.

बटण.

बटण.

बटण.

"कुणी केलंय रे हे?" आई वैतागली. मग तिनेच समजून घेतलं, "त्यांच्याकडे तुझ्यासारखा कुणी नसणार."