न चावणारे बूट

१९८८ साली अमेरिकेला फिरायला जायचं म्हणून कुमुदिनीने जन्मात पहिल्यांदा बूट घेतले. ते चावू नयेत म्हणून महिनाभर ती बूट घालूनच अंगण झाडायची.

"मडम, कोपरा राहिला," विधवा नणंद, अक्का, ओटीवरून चिडवायची.

नवरा तिकिटं घेऊन आला. "एक माझं, एक अक्काचं. तिचा पासपोर्ट आधीच काढला होता. बिचारीने आयुष्यात काय पाहिलंय? तुला पुढच्या वर्षी नेतो."

कुमुदिनीने हातातली केरसुणी कोपऱ्यात ठेवली.

"आणि बूट तिला दे. माप एकच आहे."

निघताना अक्का म्हणाली, "कुमुद, अजिबात चावत नाहीत गं."

पुढच्या वर्षी नवऱ्याला अर्धांगवायू झाला. कुमुदिनीने त्याला शेवटपर्यंत हाताने भरवलं. अक्का म्हातारपणी येईल त्याला अमेरिका सांगायची. परत आलेले ते बूट कुमुदिनीने घरोघरी दूध घालायच्या फेऱ्यांत झिजवले.