पावणेनऊचं स्कॅन

"तुमचा कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आहे. बायको कुठं लपवलीत ते आता कळेलच," असं म्हणून एका माणसानं फोन आपटला. महिला आधार केंद्राच्या वृंदाताई तशाच कॉम्प्युटरकडे धावल्या. घर सोडून आलेल्या साठ बायकांचे नवे पत्ते त्या कॉम्प्युटरमध्ये होते.

त्यांनी हेरगिरी करणारे प्रोग्रॅम पकडणारं अँटी-स्पायवेअर उघडून स्कॅनच्या जुन्या नोंदी शोधल्या. अकरा तारखेला ईमेलमधून एक स्पायवेअर आलं होतं, पण सुरू होण्याआधीच पावणेनऊच्या स्कॅनमध्ये पकडलं गेलं होतं.

वृंदाताई मागच्या नोंदी बघत गेल्या. तीन वर्षं, रोज पावणेनऊला, कुणीतरी स्वतः स्कॅन सुरू केलं होतं. ऑफिस तर दहाला उघडायचं.

"त्या वेळी इथं कोण असतं?"

"मीच की," फरशी पुसणाऱ्या गोदाक्का म्हणाल्या. "कॉम्प्युटर लावून त्यातलं हिरवं बटण रोज दाबायचं, असं तुम्हीच सांगितलं होतंत. चुकलं का काही, ताई?"

वृंदाताईंना आपलं ते सांगणं आठवतही नव्हतं. त्यांनी गोदाक्कांना शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि पडद्यावरची एकेक तारीख त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू लागल्या.