व्याह्यांचा आकडा

दारव्ह्याजवळच्या तांड्यातली उज्ज्वला पीएचडी करत होती. विषय असा की, शिकार सुरू होण्याआधी दक्षिणेकडच्या एका बेटावर सील किती होते. पुरावा एकच, जुन्या जहाजांच्या वह्या. त्यांत कातडी भरली दोन लाख. पण बेटाचा सुगावा दुसऱ्यांना लागू नये म्हणून कप्तान आकडा कमीच लिहीत, म्हणून तिनं सरळ दुप्पट धरून चार लाख सील ठरवले होते.

तिचं लग्न ठरलं, तसा व्याह्यांचा फोन आला, "दोनशेच माणसं आणून राह्यलो, शंकरसिंगभाऊ."

"चारशेचा सैपाक सांगा, बा," उज्ज्वला बापाला म्हणाली. "कप्तान असो का व्याही, आकडा लपवतेच."

"एक जरी पाव्हणा उपाशी गेला, तर तांड्यात तोंड दाखवता येणार नाई मले," असं म्हणत शंकरसिंगनं आचाऱ्याला चारशे सांगितले.

वरात आली सव्वासहाशेची. दुसऱ्याच पंगतीला भाजी संपली. शंकरसिंग घामाघूम होऊन मांडवात लेकीपाशी आला, "तुया हिशोब चुकला ना वं, पोरी!"

"चुकलाच, बा," म्हणत नवरीनं मोबाइल मागून घेतला आणि गाईडला लिहिलं,

"सर, सील सव्वासहा लाख होते."